विचारल्यावाचून

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ लिहिली. १९६९ साली ते दारिद्र्यातच निवर्तले. भारतीय कायद्याप्रमाणे त्यांच्या लेखनावरील हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत राहतो. हा हक्क म्हणजे लेखकाच्या श्रमाची मजुरीच होय. बलाढ्य कंपन्या अशा हक्काची बूज राखतात काय?

गूगल कंपनीने २००४ पासून मोठमोठ्या ग्रंथालयांतील दोन कोटींहून अधिक पुस्तकांच्या प्रतिमा संगणकात साठविल्या. हक्क शाबूत असलेल्या लेखकांनाही आधी विचारले नाही. नको असेल त्याने कळवावे, एवढेच. लेखक न्यायालयात गेले. वाचकाला मोजक्याच ओळी दिसतात, मूळ पुस्तकाची जागा त्या घेत नाहीत, म्हणून २०१५ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने हे कृत्य वैध ठरविले.

वैध, मान्य. दुर्मीळ ग्रंथाचा माग लागतो, हा उपकारही मी नाकारीत नाही. परंतु शेजाऱ्याच्या शेतातून पाट नेताना आपण आधी विचारतो. नुकसान होईल म्हणून नव्हे, शेत त्याचे आहे म्हणून. तेवढा मान लेखकाला मिळाला नाही.

अर्थात, नवखा धर्मगुरू असताना सांगलीतल्या एका दुकानात मी अख्ख्या कादंबरीच्या वीस झेरॉक्स प्रती काढविल्या होत्या, युवकांच्या अभ्यासमंडळासाठी. लेखक हयात होते. एक पोस्टकार्ड पुरे होते.