ओळंबा

आमचे आप्पा घरं बांधायचे. शिकलेले इंजिनिअर नव्हेत. गवंड्याच्या हाताखाली विटा देता देता काम शिकले आणि पुढे लहानसहान कामं अंगावर घ्यायला लागले. आजही बेळगावात शहापूर, अनगोळकडून रिक्षानं जाताना एखादं घर दिसतं आणि मनात येतं, हे आप्पांचं.

घरी ते फार बोलत नसत. सकाळी मंदिरात दर्शन, मग गाळलेल्या पाण्याची कळशी सायकलला बांधून कामावर. दिवस मावळायच्या आत जेवायला परत. सिमेंटनं हातांना भेगा पडलेल्या. रात्री आई त्यांत खोबरेल भरायची.

मी बी. ए.ला होते तेव्हाची गोष्ट. चार पुस्तकं वाचून डोक्यात वारं शिरलेलं. दशलक्षण पर्वात पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "आप्पा, पाया खणताना किती जीव मरतात! अहिंसेचं व्रत आणि हा धंदा, जमतं कसं तुम्हाला?" पाहुणे हसले. आप्पा "मरतात की गं" एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

त्यांचं उत्तर मला मिळालं ते आप्पा गेल्यावर. भेटायला आलेला एक म्हातारा गवंडी सांगत होता, "कुदळ लावायच्या आधी आप्पा स्वतः जागा बघणार. पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यात बेडकं पडली तर घमेल्यातनं बाहेर काढून मगच काम सुरू. एकदा मालात वाळू जास्त पडली, तर अख्खी भिंत पदरच्या पैशानं पाडून पुन्हा बांधली. मालकाला पत्ताबी नाही." त्यानं वर्ष सांगितलं आणि मला ती दिवाळी आठवली. आम्हा बहिणींना नवे कपडे नव्हते, आणि मी दोन दिवस आप्पांशी बोलले नव्हते.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा सोडायचीच. बाकीच्या संसारात पुरत्या टळत नाहीत, त्या जपून, कमीत कमी होऊ द्यायच्या. मुनींना घर नसतं, पण त्यांना आहार देणाऱ्या श्रावकाला घर लागतंच, आणि ते कुणीतरी बांधावं लागतं. कमी-जास्त माप आणि भेसळ हे तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे अतिचार म्हणून येतात. मी ते पाठ केले होते. आप्पांनी ते वाळू-सिमेंटच्या प्रमाणात पाळले.

तरी एक प्रश्न मला सोडत नाही. त्यांनी सांगितलं का नाही? आई म्हणते, "सांगितलं असतं तर मान चढला असता, केलेलं फुकट गेलं असतं." मला हे पुरतं पटत नाही. बापाचं मौन लेकरांनाही महाग पडतं. पण मीही त्यांना विचारलं कुठं होतं? मी चारचौघांत आरोप केला होता. त्याला प्रश्न म्हणत नाहीत.

आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ च्या सुमाराची. ती बांधवणाऱ्या बिचिराजाचं नाव आपण घेतो. छतातलं ते दगडी कमळ ज्यांच्या हातांनी फुललं, त्यांची नावं आपल्या तोंडी नाहीत. आता तिथे नेमिनाथांसमोर हात जोडले की मी त्यांचीही आठवण करते.

आप्पांचा पितळी ओळंबा मी जपून ठेवलाय. बायांनो, तुमच्याही घरात असं कुणी अबोल माणूस असेल. संध्याकाळी त्याला पाण्याचा तांब्या देताना दोन मिनिटं शेजारी बसा आणि विचारा, "आज काय काय केलंत?" उत्तर एका शब्दात आलं तरी चालेल. उद्या पुन्हा विचारा.