ख्रिस्तसभेचे दार आणि आपली लेकरे



काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवा करीत असताना एक माता आम्हाला भेटायला आली. मिस्सा संपून सर्वजण घरी जाईपर्यंत ती मागच्या बाकावर बसून राहिली. तिचा मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, आणि गायनमंडळात तबला वाजविणारा. त्याने आईला सांगितले होते की त्याला मुलींची ओढ कधी वाटली नाही, आणि त्याला लग्न करायचे नाही. ती माऊली रडत विचारीत होती, "फादर, आता मी काय करू?"

आम्ही दिलेले उत्तर आज सांगताना लाज वाटते. आम्ही म्हणालो, "बाई, प्रार्थना करा आणि चांगली मुलगी बघा. लग्न झाले की सगळे मार्गी लागते." धर्मगुरूचा शब्द म्हणून आईने ऐकले, मुलानेही मान खाली घातली. लग्न झाले. वर्षभरात ती मुलगी माहेरी परतली. आपले काय चुकले हे तिला कोणी सांगितले नव्हते. मुलगा शहरात निघून गेला आणि त्याने चर्चची पायरी पुन्हा चढलेली नाही. पापनिवेदनात आम्ही हे सांगितले आहे. देव क्षमा करतो, पण मोडलेली दोन आयुष्ये क्षमेने आपोआप जुळत नाहीत. म्हणून आज हा विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रश्न असा आहे: समलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्तीला ख्रिस्ती मंडळीने नुसते चालवून घ्यायचे, की तिचे मनापासून स्वागत करायचे? आणि तिच्या असण्याचा आनंद साजरा करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, कवठ्याचा नाही, असे कोणी म्हणेल. पण आपल्या गावाला तमाशाची मोठी परंपरा आहे. शाहीर बी. के. मोमीन कवठेकर हे इथलेच. मुस्लिम घरात जन्मलेल्या या शाहिरांनी तमाशासाठी गीते आणि वगनाट्ये लिहिली, आणि राज्य शासनाने विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला. तमाशातील गवळणीत मावशीचे काम पुरुष करतो. लुगडे नेसून तो येतो, आणि सारा गाव पोट धरून हसतो, टाळ्या देतो. ते काम आहे, सोंग आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण सोंग न घेताही ज्या मुलाचे चालणे-बोलणे बायकी आहे, त्याला शाळेच्या वाटेवर कोणत्या नावाने हाक मारली जाते, हेही सर्वांना ठाऊक आहे. अशी लेकरे आपल्याकडे आहेत. ती गप्प आहेत, एवढेच.

देशाच्या कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या लिंगओळखीला मान्यता दिली. त्या खटल्यात पुण्यात जन्मलेल्या गौरी सावंत यांचाही सहभाग होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल झाला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. वैद्यकशास्त्रही समलिंगी आकर्षणाला आजार मानीत नाही. ते 'बरे' करण्याचे उपचार करणे हे डॉक्टराचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळविले आहे.

ख्रिस्तसभा काय म्हणते? विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांचा आजीवन करार आहे, आणि शरीरसंबंधाचे स्थान त्या करारातच आहे, ही तिची शिकवण आहे. ती बदललेली नाही, आणि आम्ही ती लपवून ठेवणार नाही. पण त्याच धर्मशिक्षण ग्रंथात असेही सांगितले आहे की समलिंगी आकर्षण असलेल्या व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभाव करू नये. यातील पहिला भाग आपल्याला पाठ असतो. दुसरा किती जणांनी ऐकला आहे? डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संबंध पुन्हा गुन्हा ठरविले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितले की समलिंगी व्यक्तींना ख्रिस्तसभेने कधी गुन्हेगार मानलेले नाही. त्याच वेळी त्यांनी विवाहाविषयीची शिकवणही सोडली नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, रोमने स्पष्ट केले की भाविकांचा गोंधळ होईल अशी परिस्थिती नसेल तर तृतीयपंथी व्यक्तीला बाप्तिस्मा घेता येतो.

आता कोणी विचारील, "फादर, स्वागत ठीक आहे, पण आनंद साजरा करायचा म्हणजे पापाला संमती देणे नव्हे काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही शिकलो: जे अस्तित्वात आहे ते, अस्तित्वात आहे एवढ्यानेच, चांगले आहे, कारण ते देवाकडून आले आहे. विसाव्या शतकातील जर्मन विचारवंत योसेफ पीपर यांनी त्यावरून प्रीतीचा अर्थ उलगडला: एखाद्यावर प्रीती करणे म्हणजे, तू आहेस हे किती चांगले झाले, असे त्याला सांगणे. आपण हे रोजच्या जीवनात करतोच. बारशाला घुगऱ्या वाटताना हे बाळ पुढे कसे निघेल, असे कोणी विचारीत नाही. आनंद बाळाच्या असण्याचा असतो. तो त्याच्या पुढच्या प्रत्येक कृतीला दिलेला दाखला नसतो. मग तेच बाळ वीस वर्षांचे झाल्यावर, एक गोष्ट कळली म्हणून, तो आनंद आपण परत कसा घेणार?

'पापाचा तिरस्कार, पापी माणसावर प्रीती' असे आपण सहज म्हणून जातो. पण या वाक्याआडून त्या माणसाशी बोलणेच बंद केले, तर प्रीती उरली कुठे? शिवाय आपले माप एकच आहे काय? व्याजाने गरिबाचे रान लिहून घेणारा, हुंडा मोजून घेणारा, दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा पुढच्या बाकावर बसतो, आणि त्याला आपण दारात अडवीत नाही. त्यालाही अडवू नये, असेच आमचे मत आहे. चर्च आजाऱ्यांसाठीच आहे. पण मग आकर्षण असणे हे तर कृत्यही नाही, त्यावरून एखाद्या तरुणाला तबल्यावरून उठविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पवित्र शास्त्रात पहा. अनुवादाच्या ग्रंथात षंढ पुरुषाला देवाच्या मंडळीत येण्यास मनाई होती. यशया संदेष्टा देवाच्या नावाने त्याच माणसाला देवाच्या घरात मुलाबाळांहून मोठे नाव देण्याचे वचन देतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प वाटेवर भेटलेल्या इथिओपियाच्या षंढ अधिकाऱ्याला, पाणी दिसताच, बाप्तिस्मा देतो. येशूने जक्कयाला झाडावरून खाली बोलाविले तेव्हा जक्कय अजून सुधारलेला नव्हता. प्रभू आधी त्याच्या घरी जेवायला जायला निघाला. बदल नंतर झाला, आणि तो प्रभूने घडविला, रस्त्यावर कुरकुरणाऱ्या गर्दीने नव्हे.

आपल्यापैकी अनेकांना हे शास्त्राबाहेरही समजायला हवे. आपल्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते. अशा वेळी मिशनरी फादर आपल्या वस्तीत आले, अंगणात बसले, आपल्या घरचे पाणी प्याले. त्यांनी आधी चारित्र्याचा दाखला मागितला नाही. दाराबाहेर उभे राहणे काय असते हे ज्या घरांनी भोगले, त्यांनी दुसऱ्या कोणासाठी दार लावावे काय?

इटलीत तोर्वायानिका नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. २०२० च्या टाळेबंदीत तेथील काही तृतीयपंथी स्त्रिया उपाशी राहू लागल्या आणि धर्मग्रामाच्या दारात आल्या. फादर आंद्रेआ कोनोक्किया यांनी त्यांना अन्न दिले. पुढे त्यांच्यापैकी काही जणी पोप फ्रान्सिस यांना भेटल्या, आणि १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, गरिबांच्या जागतिक दिनी, पोपमहोदयांबरोबर जेवायला बसल्या. सुरुवात शिधा देण्यापासून झाली. एवढे तर आपल्यालाही जमेल.

तेव्हा आमची आपल्याला विनंती आहे. आईवडिलांनो, मुलाने किंवा मुलीने असे काही सांगितले तर त्या रात्री त्याला जेवू घाला, घराबाहेर काढू नका. लग्न हे यावरचे औषध नाही. महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवून मिळविलेली संमती ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाहच अवैध ठरवू शकते. आणि त्यात एका निरपराध मुलीचे आयुष्य खर्ची पडते. तरुणांनो, कोणाच्या चालण्या-बोलण्यावरून शिव्या देऊ नका, चर्चच्या आवारात तर नाहीच. गायनमंडळ, वाचन, फुलांची सजावट, नाताळची गाणी, यांसाठी आम्ही कोणाला तो कोणाकडे आकर्षित होतो असे विचारणार नाही.

यातून सर्व प्रश्न सुटतात असे नाही. शिकवण पाळणे काहींना फार जड जाते. त्यांच्याबरोबर चालणे आम्हालाही सोपे नाही. पण चालायचे तर आधी ते आत आलेले हवेत.

त्या तबलावादकाला आम्ही पत्र लिहिले आहे आणि क्षमा मागितली आहे. त्या मुलीच्या माहेरीही आम्ही जाऊन आलो. तिच्या वडिलांनी चहा दिला, फार बोलले नाहीत. पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. या दोघांसाठी आजच्या मिस्सामध्ये आपण सर्वांनी प्रार्थना करावी, एवढेच मागणे आहे.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू