शिकारीच्या सरंजामाची किंमत

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज झाले. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले सातगौडा हे भोजच्या पाटील घराण्यातले. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचे हे गाव आज निपाणी तालुक्यात आहे. सातगौडा पुढे आचार्य शांतिसागर म्हणून साऱ्या दिगंबर जैन समाजाला वंदनीय झाले. दोघे एकाच खोऱ्यातले आणि एकाच पिढीतले. एकाच्या दरबारी बंदुका, घोडे, हाकारे आणि शिकवून तयार केलेले चित्ते असा शिकारीचा सगळा सरंजाम होता. दुसऱ्याजवळ अखेरपर्यंत मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू एवढेच होते, आणि ती पिसेही मोराने आपणहून टाकलेली. या दोन पुरुषांना तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. शाहू महाराजांच्या मोठेपणाला त्यांच्या शिकारीने बाधा येत नाही, आणि शिकारीला त्यांच्या मोठेपणाचा आधारही मिळत नाही. पण शिकारीच्या भारी साधनांवर पैसा घालणे योग्य की अयोग्य, या प्रश्नाचा विचार करायला या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. हा प्रश्न एरवी दुकानदारीचा वाटतो : टिकेल किती, नेम किती अचूक, वसूल होईल का. माझ्या मते तो मुळात धर्माचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर असे की साधनावर जितका पैसा वाढतो, तितका शिकारीच्या समर्थनाचा पाया खचत जातो.

आपल्या परंपरेत शिकारीचे समर्थन नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला अहिंसेची थोरवी सांगतात आणि त्याच प्रकरणात क्षत्रियाच्या मृगयेला मोकळीकही देतात. त्यासाठी दिलेली कारणे बघण्यासारखी आहेत. एक म्हणजे अगस्त्य ऋषींनी रानातले सारे पशू आधीच देवतांना अर्पण केले आहेत. दुसरे कारण अधिक खोल आहे : स्वतःचा जीव पणाला लावल्याशिवाय मृगया होतच नाही, मारणारा आणि मरणारा तिथे एका पातळीवर येतात, कोण पडेल हे ठरलेले नसते, म्हणून राजाला दोष नाही. शिकारीच्या बाजूने केलेला याहून प्रामाणिक युक्तिवाद मला माहीत नाही. पण तो मान्य केला की त्याची अटही मान्य करावी लागते. समानता हे कारण असेल, तर समानता संपली की कारणही संपते. आता महागडे साधन विकत घेणारा नेमके काय विकत घेतो ते पाहू. दुर्बीण लावलेली रायफल अंतर देते. रात्रीची प्रखर बत्ती जनावराचे डोळे दिपवून त्याला जागच्या जागी खिळवते. उंच मचाण सुरक्षितता देते, आणि उष्णता टिपणारा कॅमेरा अंधाराचा आडोसाही काढून घेतो. या प्रत्येक वस्तूची किंमत म्हणजे शिकाऱ्याच्या अंगावरून उतरवलेल्या धोक्याची किंमत आहे. ज्या धोक्यामुळे भीष्मांनी राजाला निर्दोष ठरवले, तोच धोका हा माणूस पैसे मोजून दूर करतो. मग त्याच्या हाती बंदूक उरते, पण भीष्मांची परवानगी उरत नाही.

कोल्हापूरचा चित्ता हा या सरंजामाचा सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत बोलका नमुना आहे. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवरून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, टोपी काढायची, सोडायचा. पुढचे काम काही क्षणांचे. हे साधन घडवायला मात्र कसबी चित्तेवान, महिनोन्‌महिन्यांची शिकवण आणि रोजचे मांस लागे. त्यातली खरी अडचण अशी की पाळलेल्या चित्त्यांची वीण जवळजवळ होतच नसे, आणि आईजवळ शिकार न शिकलेले पिल्लू निरुपयोगी ठरे. म्हणून प्रत्येक शिकारी चित्ता रानातूनच मोठा झालेला पकडून आणावा लागे. शतकानुशतके राजेरजवाड्यांनी असे चित्ते धरले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चित्ता संपण्यामागे माळरानांची नांगरट आणि काळविटांची घट हीही कारणे होती. सगळा भार एका दरबारावर टाकणे अन्यायाचे होईल. पण साधन म्हणून जे जनावर पदरी बाळगले, तेच साधन म्हणून वापरल्यामुळे विरळ झाले, एवढे तर स्पष्ट आहे. जहाजाचे भाडे भरून आफ्रिकेहून चित्ता आणण्याची ऐपत होती म्हणूनच इथला चित्ता संपत आल्याची झळ दरबाराला जाणवली नाही. पैशाने एक उणीव झाकली, आणि ती उणीव काय सांगत होती ते ऐकू येईनासे झाले.

यावर कोणी म्हणेल, मग फासेपारध्याचे काय? त्याचा फासा दोरीचा, चार पैशांचा. स्वस्त साधन म्हणून त्याची शिकार पुण्याची ठरते काय? नाही. स्वस्ताईने हिंसा पवित्र होते असे मी म्हणत नाही. पण पारध्याच्या फाशामागे पोट होते, आणि त्याच्या मर्यादाही होत्या : एवढे अंतर चालायचे, माग ओळखायचा, फासे मांडून वाट बघायची, आणि मिळेल तेवढ्यावर कुटुंब जगवायचे. इंग्रज सरकारने १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांचा आधार घेऊन पुढे याच समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला; त्याच काळात साहेब लोकांची आणि संस्थानिकांची शिकार मात्र मर्दुमकी ठरली. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केले, आपल्या पदरी काम दिले, ही त्यांच्या न्यायबुद्धीची खूण आहे. एका समाजाची उपजीविका गुन्हा ठरावी आणि दुसऱ्याची हौस प्रतिष्ठा ठरावी, यात फरक जनावराच्या वेदनेत नव्हता, हत्याराच्या किमतीत होता. महागड्या साधनाने आजवर केलेले सगळ्यांत मोठे काम हेच : त्याने हत्येला अब्रू मिळवून दिली.

या सीमाभागातल्या जैन समाजाकडे हा प्रश्न सोडवण्याची अधिक काटेकोर रीत आहे, आणि ती शेतकऱ्यांच्या जगण्यात मुरलेली आहे. निपाणी, चिकोडी, कागल, हुक्केरी या पट्ट्यातले जैन बहुसंख्येने शेतकरी. तंबाखू, ऊस, सोयाबीन पिकवणाऱ्या माणसाला हिंसा पूर्ण टाळता येत नाही. नांगराच्या फाळाखाली जीव जातातच. म्हणून जैन आचारशास्त्र गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार करते. घरकामात होणारी ती आरंभी, शेती-व्यवसायात होणारी ती उद्योगी, स्वतःचे आणि आपल्या माणसांचे रक्षण करताना होणारी ती विरोधी, आणि मारण्याच्या इराद्याने केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाने कमी करत जायच्या. चौथी मात्र पूर्ण सोडायची. शिकार ही चौथीत मोडते, आणि सप्तव्यसनांतही जुगार, मद्य, चोरी यांच्या पंक्तीत तिला बसवले आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तर निष्प्रयोजन पापांमध्ये हिंसादान नावाचे एक पाप सांगितले आहे : कुऱ्हाड, तलवार, विस्तव यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे. साधन नुसते दुसऱ्याच्या हाती देणे जिथे दोषाचे, तिथे ते निवडून, पारखून, मोठी रक्कम मोजून स्वतःसाठी घेणे याला काय म्हणावे? पायाखाली मुंगी मेली तर तिथे संकल्प नव्हता असे म्हणता येते. लाख रुपये साठवून, महिनाभर तुलना करून घेतलेल्या रायफलीबद्दल तसे म्हणता येत नाही. तिथे संकल्पाची पावतीच हातात असते. मनुस्मृतीतही मांसाच्या संदर्भात अनुमती देणाऱ्यापासून विकत घेणाऱ्यापर्यंत आणि खाणाऱ्यापर्यंत सगळ्यांना घातक म्हटले आहे. विषय तिथे हत्याराचा नाही, पण तर्क हाच आहे : पैसा हिंसेच्या बाहेर उभा राहत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप दयेचा आहे. उसाच्या फडाभोवती चोरून वीज सोडलेली तार, डुकरासाठी लावलेला तारेचा फास, पिठात दडवलेला गावठी बॉम्ब ही साधने अत्यंत स्वस्त आहेत आणि अत्यंत क्रूर. जबडा फुटलेले डुक्कर दिवसचे दिवस तडफडते, त्या तारेला गाय चिकटते आणि कधी माणूसही. त्यापेक्षा अचूक रायफलीची एक गोळी दयाळू नव्हे काय? होय, आहे. जिथे मारणे खरोखर अटळ झाले आहे, तिथे अचूकपणा हीच दया, आणि तिथे चांगल्या साधनावर घातलेला पैसा योग्यच. मात्र हा युक्तिवाद मारण्याची रीत ठरवतो, मारायचे की नाही हे ठरवत नाही. हौसेने रानात गेलेल्या माणसाने ‘माझी बंदूक महाग, म्हणून जनावराला कमी दुखते’ असे म्हणणे म्हणजे आपणच निर्माण केलेल्या दुःखात सूट दिल्याचे श्रेय घेणे. शिवाय लांब पल्ल्याचे साधन हाती आले की माणूस लांबून बार टाकू लागतो. अचूकपणामुळे जे वाचले, ते वाढलेल्या अंतरात पुन्हा खर्ची पडते.

कौटिल्याने मृगयेचे गुण सांगितले आहेत : व्यायाम होतो, मेद झडतो, हलत्या-स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, जनावरांच्या मनाची ओळख होते. हे सगळे खरे आहे. पण यातला कोणता गुण पैशाने मिळतो? उलट गाडीत बसून, बत्ती टाकून, दुर्बिणीतून मारणाऱ्याचा मेद झडत नाही आणि त्याला माग ओळखता येत नाही. दुसरा आक्षेप देवाच्या नावाने येतो. बेळगाव जिल्ह्यातल्या मंगसुळीचा खंडोबा घोड्यावर बसतो, त्याच्याबरोबर कुत्रा असतो, तो शिकारीला जातो आणि बाणाई त्याला भेटते. देवच शिकारी, मग भक्ताला दोष कसला? पण मल्हारीचे शस्त्र उपसले गेले ते मणी आणि मल्ल हे दैत्य ऋषींना छळत होते म्हणून; ते रक्षण होते. बाणाईच्या कथेत शिकारीचे निमित्त आहे, मन प्रेमात आहे. आणि चंपाषष्ठीला त्याच खंडोबाला नैवेद्य दाखवतात तो भरीत-रोडग्याचा.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत राहणारी आपली काही माणसे वेगळा मुद्दा मांडतील. तिथे शिकार कायदेशीर आहे, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या संरक्षणाला जातो. म्हणजे महाग बंदूक घेणारा रान वाचवतो. या पैशाने तिथे पुष्कळ चांगले झाले आहे, ते नाकारू नये. पण चांगले केले ते कराने. तोच पैसा बंदूक न घेताही देता येतो. लांडगे संपवल्यामुळे हरणे बेसुमार झाली असतील आणि ती कमी करणे भाग असेल, तर तो अटळपणाचा मुद्दा झाला, आणि अटळपणाला साधे, अचूक साधन पुरते. शिकारीमुळे रान वाचते हा मुद्दा आपल्याकडे दाजीपूरच्या नावाने येतो : कोल्हापूरकरांचे राखीव शिकारीचे रान होते म्हणून गवा वाचला. रान राखले गेले हे खरेच. १९५८ साली ते अभयारण्य झाले आणि आजचे राधानगरी अभयारण्य त्यातूनच वाढले. पण गव्याला वाचवले ते कुऱ्हाड आणि नांगर बाहेर ठेवल्याने. आत चालणारी बंदूक थांबल्यावरही गवा टिकलाच आहे.

उरतो खानापूर तालुक्यातला शेतकरी, आणि या साऱ्या चर्चेत खरा हक्क त्याचा आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, त्याच्या कडेच्या गावांत भातात डुकरे शिरतात, गवे ऊस तुडवतात. त्याची हिंसा विरोधी प्रकारातली. तिला शिकारीच्या पंक्तीत बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना ठेवला आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या काही जनावरांना मारण्याची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखाते देऊ शकते. गव्याच्या बाबतीत मात्र पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही, माणसाच्या जिवाला धोका असावा लागतो. शेतकऱ्याचे दुखणे बंदूक साधी असण्याचे नाही. रात्रभर माळ्यावर जागून त्याची झोप जाते, आणि पीक गेल्यावर भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात. सौर कुंपण, चर, वेळेत होणारा पंचनामा आणि पुरेशी भरपाई या गोष्टी महाग आहेत, आणि तिथे खर्च केलेला रुपया शेतकरी आणि जनावर दोघांनाही वाचवतो. आचार्य शांतिसागर भोजला शेती करत असताना पिकावर उतरलेल्या पाखरांना हुसकत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत, असे सांगतात. ते त्यांनी स्वतःच्या रानात, स्वतःच्या धान्यावर पाणी सोडून केले. खानापूरच्या अल्पभूधारकाकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षा शहरात बसून करण्याचा अधिकार आपल्याला नाही. गव्याबाबतच्या अहिंसेचा खर्च त्याने एकट्याने सोसायचा नसेल, तर तो कुंपणाच्या आणि भरपाईच्या रूपाने बेळगाव-निपाणीच्या शहरवासीयांनी, दोन्ही राज्यांच्या तिजोऱ्यांनी आणि अहिंसेचे नाव घेणाऱ्या प्रत्येक देवस्थानाने उचलला पाहिजे.