अस्थींचे ऋण

देह नश्वर आहे, हे वारकऱ्यास कोणी नव्याने शिकवायला नको. कीर्तनात आपण ते ऐकतो आणि घरी कोणी गेले म्हणजे समाचाराला आलेली मंडळीही तेच सांगतात. मग एक शंका उभी राहते. देह जर मातीचाच, तर तो कोणत्या मातीत पडला याची चौकशी कशाला? रणात पडलेल्या शिपायाची हाडे सत्तर-सत्तर वर्षे शोधीत बसणे हा मोह नव्हे काय? शंका खोटी नाही. पण उत्तराआधी एक हकिगत ऐकावी.

प्रशांत महासागरात तारावा नावाची प्रवाळबेटांची एक माळ आहे. आज ती किरिबाती देशात मोडते. तिच्यातले बेशिओ हे बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब. दुसऱ्या महायुद्धात जपानने तेथे धावपट्टी बांधली होती. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकेचे मरीन, म्हणजे आरमाराबरोबर जाऊन किनाऱ्यावर उतरून लढणारे शिपाई, त्यावर चालून गेले. भरतीचे पाणी पुरेसे चढले नाही. होड्या प्रवाळाच्या खडकावर अडल्या, आणि ही पोरे छातीभर पाण्यातून, समोरून गोळ्या येत असता, शेकडो पावले चालत गेली. शहात्तर तासांत सारे आटोपले. हजारावर अमेरिकन पडले. जपानची शिबंदी, मजूर धरून, साडेचार हजारांहून अधिक होती. तिच्यातले सैनिक जिवंत हाती लागले ते अवघे सतरा!

उन्हाचा प्रदेश, प्रेते राहिनात. चर खणून ती घाईने पुरली. पुढे तळ वाढवण्याच्या कामात खुणा हलल्या. नवे क्रूस छान रांगेत लावले, पण ज्याचे नाव वर, तो खाली असेलच असे राहिले नाही. १९४६ साली शोधपथक आले, त्याला निम्म्याच्या आसपास शिपाई मिळालेच नाहीत. १९४९ साली लष्कराने ठरवले की हे आता मिळण्यासारखे नाहीत. होनोलुलूच्या सैनिकी स्मशानभूमीत संगमरवरी भिंतींवर तीन युद्धांतल्या अशा बेपत्तांची अठ्ठावीस हजारांवर नावे कोरली आहेत. कोणी सापडला, की त्याच्या नावाशेजारी कांस्याचे एक फूल बसवतात. बहुतेक नावे फुलावाचूनच आहेत.

आता आईचा विचार करा. पोर गेले हे पत्र निराळे, आणि पोर गेले पण कुठे आहे ठाऊक नाही हे पत्र निराळे. पहिल्या पत्रावर ती रडेल आणि कधीतरी निजेल. दुसऱ्या पत्रानंतर दाराची कडी वाजली, की ती उठणारच. तिला “बाई, देह नश्वर आहे” असे सांगणाऱ्याला काय म्हणावे?

आपल्या वाडवडिलांना हे कळत होते. देह हाती आला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, त्यास पालाशविधी म्हणतात. देहाला नश्वर म्हणणाऱ्यांनीच हा विधी घालून दिला. गेलेल्याला गती मिळावी आणि राहिलेल्याला उसंत, असे दोन्ही त्यात आहे.

आणि चोखोबांची कथा आपण विसरलो काय? मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालले होते. कूस ढासळले आणि खाली कितीतरी मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा. साल १३३८ सांगतात. नामदेवराय तेथे गेले तेव्हा समोर हाडांचा ढीग होता. कोणते कोणाचे, कसे ओळखावे? परंपरा सांगते, की ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी उचलल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. देहाची अनित्यता नामदेवरायांना आपल्याहून कमी ठाऊक होती काय? तरी “हाडंच ती, राहू द्या तिथंच” असे ते म्हणाले नाहीत.

यावरून आम्हांस इतके समजते. ‘देह नश्वर’ हे वचन आपल्या स्वतःच्या देहाकडे पाहून म्हणायचे असते. दुसऱ्याच्या दुःखावर ते ठेवले, की त्याचा धोंडा होतो. स्वतःविषयी वैराग्य, दुसऱ्याविषयी जिव्हाळा; ही अदलाबदल झाली की परमार्थ बिघडलाच.

मग मोह कुठे सुरू होतो? जेथे ‘माझा तेवढा शोधा’ म्हटले जाते तेथे. २०१५ साली एका खाजगी संस्थेने बेशिओवर हरवलेला एक चर शोधला. त्यात सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी लेफ्टनंट अलेक्झांडर बॉनीमन सापडले. बहात्तर वर्षांनी ते नॉक्सव्हिलला, जेथे वाढले तेथे परतले. वाट पाहणारे आईबाप तेव्हा हयात नव्हते, नातू होता. ही गोष्ट चांगलीच. पण त्याच वाळूत जपानी आहेत, आणि जपान्यांनी कामाला आणलेले कोरियन मजूरही. त्यांतल्या एकाच्या अस्थींची ओळख पटून २०२३ साली त्या कोरियात घरी पोचल्या. हे ऐकून आम्हांस मंगळवेढ्याचा तो ढीग आठवला. तेथेही मजूरच होते, येथेही मजूरच.

सगळे सापडतील असे नाही. समुद्राने नेले ते नेले. पण शोधणे आपल्या हाती आहे, आणि नाव घेणे तर सर्वांच्याच. तेव्हा समाचाराला गेलात तर घटकाभर उपदेश राहू द्या. “त्याचं नाव काय होतं, माय? कसा होता तो?” एवढे विचारा, आणि ती सांगेल ते ऐकत बसा.