वेलीचा काय दोष?

एखादी वस्तू वाईट होते ती नेमकी कुठे? मातीत, फळात, पिंपात, पेल्यात, की पिणाऱ्याच्या मनात? प्रश्न जुना आहे आणि आपल्या फकीहांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वीच त्याचा पुष्कळ काथ्याकूट करून ठेवला आहे. पण किताबात वाचलेला प्रश्न वेगळा आणि चढावर धापा टाकताना पुढ्यात उभा राहिलेला वेगळा. आमच्यापुढे तो सायकलवर असताना आला, नाशिकच्या द्राक्षांच्या डोंगराळ मुलखात.

आम्ही म्हणजे गुहागर तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळांतून शिकवणारे तिघे मित्र. सुटीच्या दिवशी सायकली काढायच्या हा आमचा नेम. वेळणेश्वरच्या आसपास सपाट रस्ता मागून मिळत नाही. जांभ्याच्या सड्यावर चढायचे, उघड्या कातळावरून वारा खात जायचे, की लगेच समुद्राकडे उतार. माडांची दाटी, देवळाचा कळस, वाळू. आणि तेवढेच पुन्हा वर चढायचे. हेदवी ओलांडून तवसाळला पोहोचले की फेरीबोटीत सायकली घालाव्यात आणि पलीकडे जयगडला उतरावे. अशा रस्त्यांवर पाय तयार झाले की घाटमाथ्याची ओढ लागतेच. एका हिवाळ्यात नाशिकच्या काही सायकलवाल्या मंडळींनी बोलावले आणि आम्ही गेलो.

सायकल आणि द्राक्ष यांची सोयरीक तशी जुनी आहे. डोंगरात चालवायच्या जाड टायरांच्या सायकलीचा खेळ 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात वाढला. तिथल्या तरुणांनी जुन्या सायकली माऊंट टॅमलपायसच्या उतारावर पिटाळल्या. 1976 साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नाव ‘रीपॅक’ पडले, कारण एका उतारात ब्रेकमधले ग्रीस जळून जायचे आणि ते पुन्हा भरावे लागायचे. हा मरिन परगणा सोनोमाच्या शेजारी आणि सोनोमा म्हणजे वाइनचा मुलूख. इकडे नाशिकलाही दोन्ही गोष्टी शेजारी नांदतात. 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या नाशिकच्याच महाजन बंधूंनी दोघांच्या गटात पूर्ण केली. आणि याच नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने 2000 साली आपली पहिली वाइन बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि दिंडोरी-निफाडकडे कारखाने वाढले.

मोटारीतून हा मुलूख म्हणजे नुसता हिरवा पट्टा दिसतो. सायकलवरून वेली वेगळ्या ओळखू येतात. खायच्या द्राक्षांच्या बागा मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारावर चढवलेल्या. त्यांत थॉमसन, सोनाका, शरद. वाइनच्या वेली मात्र कुंपणासारख्या सरळ रांगेत उभ्या, घड लहान आणि गच्च, मणी बारीक, साल जाड, आत बिया. शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ अशी त्यांची परदेशी नावे. माती मात्र एकच. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी दोन्हीकडे, आणि अवकाळी पाऊस व गारपिटीची भीतीही दोन्हीकडे. सकाळच्या कोवळ्या उन्हात टेकडीच्या उतारावर त्या सरळ रांगा इतक्या सुंदर दिसत होत्या की आम्ही तिघेही न ठरवता थांबलो. मग आमच्यापैकी एकाने विचारले, ज्याचे पुढे काय होणार हे ठाऊक आहे, त्याच्याकडे पाहून सुभानल्लाह म्हणावे का?

त्या वेळी हसण्यावारी नेले. परतीच्या प्रवासात मात्र तेच बोलणे चालले.

वेलीकडे बोट दाखवता येत नाही, हे आधी स्पष्ट करू. कुरआनात द्राक्षांचा उल्लेख अल्लाहच्या नेमतींत पुन्हा पुन्हा येतो. सूरह नहलमध्ये तर एकाच आयतीत सांगितले आहे की खजूर आणि द्राक्षांपासून लोक नशाही मिळवतात आणि उत्तम अन्नही. दोन्ही शेजारी ठेवली, पण उत्तम म्हटले ते अन्नाला. तीच द्राक्षे तासगावकडे सुकली की बेदाणा होतो आणि ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात पडतो. तोच रस आंबला की दारू, आणखी आंबला की सिरका. आणि सिरका तर आपल्या रसूलांना आवडणारे तोंडीलावणे. फळ एक, वाटा अनेक. वाट निवडतो तो माणूस.

मग कोणता माणूस? दारूच्या संदर्भात दहा जणांवर लानत आहे अशी एक प्रसिद्ध हदीस आहे. रस काढणारा, काढवून घेणारा, पिणारा, पाजणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, विकणारा, घेणारा, ज्याच्यासाठी घेतली जाते तो, आणि तिच्या पैशावर जेवणारा. यादी लांबलचक आहे. पिणाऱ्यावर सारे ढकलून मोकळे होण्याची सोय तिने ठेवलेली नाही. पण वेल लावणारा तिच्यात नाही, आणि रस्त्याने जाताना वेल पाहणारा तर नाहीच.

वेल लावणाऱ्यावर मग फकीहांनी वाद घातला. इमाम अबू हनीफांनी, दारू करणार हे माहीत असलेल्याला रस विकण्यास हरकत घेतली नाही. त्यांच्या दोन थोर शागिर्दांना मात्र ते मकरूह वाटले. इमामांच्या बाजूने दिलेला दाखला विचार करण्यासारखा आहे. फितन्याच्या काळात बंडखोराला शस्त्र विकू नये, कारण शस्त्र आहे तसेच वापरले जाते; रस मात्र आधी बदलतो, मग दारू होतो. मध्ये दुसऱ्या माणसाची करणी येते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे निवाडा कडक आहे: समोरचा दारूच करणार हे पक्के ठाऊक असेल तर विकणे गुन्हा, नुसता संशय असेल तर मकरूह. म्हणजे नाशिक-मालेगावचा हनफी बागाईतदार आणि वेळणेश्वरचा शाफई बागाईतदार एकाच प्रश्नाची दोन उत्तरे घेऊन झोपू शकतात.

आम्हाला आमच्या मजहबचा निवाडा अधिक पटतो. केवळ आमचा आहे म्हणून नव्हे, तर तो जाणण्यावर बोट ठेवतो म्हणून. ‘मी फक्त फळ विकले’ असे आज कुणीही म्हणू शकतो, आणि म्हणतोच. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपर मार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा शेतकऱ्याच्या भल्याचे कारण पुढे केले होते. विरोधानंतर तो निर्णय मागे पडला. शेतकऱ्याचे भले बेदाण्याला बरा भाव देऊनही करता आले असते, पण ते असो.

पाहण्याबद्दल आमचे मत असे झाले की पाहण्यात दोष नाही. बसण्यात आहे. त्या दिवशी फेरीचा शेवट एका वाइनरीच्या गच्चीवर होता. यजमान मंडळी भली होती. आमच्यासाठी लिंबू-सोडा आधीच सांगून ठेवला होता. पण ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, ही शिकवण आम्हाला लहानपणापासूनची. आम्ही आभार मानून खाली झाडाखाली सायकलींजवळ बसलो. त्यांनी लिंबू-सोडा तिथेच पाठवला आणि दोघे जण आपले पेले वरच ठेवून आमच्यासोबत खाली येऊन बसले. परक्यांची ही समज पाहून आम्ही जरा वरमलो, हेही लिहिले पाहिजे.

खरी परीक्षा घरी आल्यावर झाली. गावाजवळचे एक चाचा, काजूची बाग असलेले. त्यांची नात आमच्या वर्गात. मार्चपासून मेपर्यंत त्यांच्या झाडांखाली बोंडूंचा खच पडतो. बी काढून घेतात आणि बोंडू कुजतो, कारण तो एक दिवसही धड टिकत नाही. दक्षिणेकडे सावंतवाडी-दोडामार्गचे बोंडू गोव्याला फेणीसाठी जातात. त्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. चाचांकडेही एक गिऱ्हाईक येऊन गेले होते. कशासाठी घेणार ते त्याने लपवले नाही. चाचांनी आम्हाला विचारले, “सर, तुम्ही शिकलेले. सडून जाणाऱ्या वस्तूचे पैसे घेतले तर काय बिघडते?”

आम्ही मुफ्ती नाही, एवढे सांगून सुटता आले असते. पण जांभ्याच्या सड्यावर काजूखेरीज दुसरे फारसे उगवत नाही, नातीच्या फीचे आकडे आम्हाला ठाऊक, आणि नाही म्हणण्याची किंमत आमच्या खिशातून जाणार नव्हती. दुसऱ्याच्या रिज्कावर फतवा देणे सोपे असते. म्हणून दोन्ही मजहबांचे मत त्यांच्यापुढे ठेवले, आणि आमचे स्वतःचेही सांगितले: गिऱ्हाइकाने तोंडाने सांगितले आहे, तेव्हा आता माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. बोंडूच्या सरबताचे सुचवले. सिरक्याचेही सुचवले, पण तिथेही शाफईंची अट आहे: दारू झालेल्या रसात वरून काही टाकून सिरका केला तर तो पाक नाही, आपोआप झाला तर पाक.

चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे थांबायचे.”

त्या मोसमात त्यांनी गिऱ्हाइकाला नाही म्हटले. थोडे सरबत घरच्या बायकांनी केले, दोन बरण्या सिरक्यासाठी ठेवल्या, बाकीचा बोंडू नेहमीसारखा झाडाखाली कुजला. आम्ही त्यांच्याकडून सरबताच्या सहा बाटल्या घेतल्या. शेजारच्या बागेतला बोंडू मात्र टेम्पोतून गेला. त्या शेजाऱ्याची मुलेही आमच्याच शाळेत आहेत.