डबा रिकामा आला म्हणून खूश होऊ नका

फोन खिशात ठेवा. प्रगतिपुस्तकं नंतर मिळतील. आज मला तुमच्या मुलांच्या मार्कांशी काही देणंघेणं नाही. नववी-दहावीची काही मुलं जेवत नाहीत, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नाही, त्याबद्दल बोलायचं आहे.

डबा रिकामा घरी आला की तुमचं समाधान होतं. मधल्या सुट्टीत तो कसा रिकामा होतो ते मी बघते. पोळी मैत्रिणीच्या डब्यात जाते, भाजी वहीच्या कागदात गुंडाळून कचऱ्यात. त्याच मुलीच्या वहीच्या मागच्या पानांवर केकच्या आणि पनीरच्या कृती वळणदार अक्षरात उतरवलेल्या असतात. घरी ती सगळ्यांना करून वाढते, स्वतः चमचाभरही चाखत नाही. आणि तुम्ही पाहुण्यांना सांगता, आमच्या मुलीला स्वयंपाकाची भारी हौस!

हौस कसली? भूक आहे ती. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजनं जवळजवळ पाव हिश्श्यानं उतरली. डोक्यात जे झालं ते त्याहून वाईट. ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, ताटातला घास चिवडत राहू लागली, चिडचिडी झाली, माणसांत मिसळेनाशी झाली. ती आधी निरोगी होती म्हणूनच तर त्यांना निवडलं होतं. तेव्हा ‘हल्ली फार हट्टी झाली, उलट बोलते’ ही तक्रार माझ्याकडे आणताना आधी तिच्या पोटात काय गेलंय ते बघून या. उपाशी मेंदूला तासभर उपदेश करून काही शिरत नाही.

मागच्या बाकावरचे आजोबा मान हलवताहेत. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, असंच ना? होती. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा आजार वैद्यकासमोर मांडला. ॲनोरेक्सिया नर्वोसा हे नाव गल यांचं. तेव्हा कुठे होतं तुमचं इन्स्टाग्राम? याचा अर्थ पडदा निर्दोष आहे असा नाही. फिजी बेटांवर भरल्या अंगाचं कौतुक होतं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. तेव्हा पाहणीतल्या शाळकरी मुलींपैकी एकीनंही वजनासाठी उलट्या काढल्याचं सांगितलं नव्हतं. १९९८ साली पुन्हा विचारलं, तर अकरा टक्क्यांहून अधिक मुलींनी तसं सांगितलं.

पण टीव्ही बंद करता येतो. काकूचं तोंड कोण बंद करणार? ‘अगं, केवढी सुटलीस!’ हे लग्नाच्या पंगतीत, वाढप्यासमोर. ‘अशानं कोण पसंत करणार?’ हे हळदीकुंकवाला. तीच मुलगी उपाशी राहून वाळली की ‘काय छान बारीक झालीस, काय केलंस सांग ना!’ आजारी पोरीला शाबासकी देता, वर तिच्याकडून कृती विचारता! हा आजार तुमच्या बोलण्यानंच होतो असं मी म्हणत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि चिंता, नैराश्य पुष्कळदा सोबतीला असतात. पण म्हणून आगीत तेल ओतायचं काही कारण नाही.

आणि उपास! संकष्टी होती, मग गुरुवार आला, मग सोमवार. साबुदाणासुद्धा नको, नुसतं पाणी. देवाचं नाव घेतलं की आपल्या घरांत कुणी ब्र काढत नाही, हे या पोरींना पक्कं ठाऊक आहे. चौदा वर्षांच्या मुलीनं आठवड्याचे चार दिवस उपाशी राहावं असं कुठल्या देवानं सांगितलंय?

मे महिन्यात स्वेटर घालून बसणारी मुलगी मला दिसते, तुम्हाला का दिसत नाही? पाळी महिनोन्‌महिने चुकते, जिन्यात चक्कर येते, केस गळतात. जेवण झालं रे झालं की कुणी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसतं. वारंवार उलट्या काढणाऱ्यांचे दात आम्लानं झिजतात, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, आणि हृदयाचा ठोका चुकायला तेवढं पुरतं. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ साली ३२व्या वर्षी गेली ती याच दुखण्यात हृदय बंद पडून. वर हाडंच दिसली पाहिजेत असंही नाही. चांगल्या अंगापिंडाचं मूलही या आजारात असू शकतं, आणि त्याच्याकडे तर कुणी बघतच नाही. मुलांच्या बापांनो, तुम्हीही हसू नका. जिममध्ये ‘कट्स’ दिसावेत म्हणून पोळी-भात सोडून पावडरीवर जगणारे माझ्या वर्गात आहेत.

आता करायचं काय? रागावू नका, कोंबू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातले क्षार ढासळून जिवावर बेततं, म्हणून आधी डॉक्टर. बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघेही. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य माझ्यासमोर उच्चारायचं नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आईवडिलांना हाताशी धरून उपचाराची एक पद्धत बसवली गेली. मूल सावरेपर्यंत काय नि किती खायचं हे आईवडील ठरवतात, आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसतात, न ओरडता. तीन वेळा, महिनोन्‌महिने. जमेल का, असं विचारू नका. तापात रात्र रात्र उशाशी बसता तेव्हा विचारता का? कुठे जायचं हेच सुचत नसेल तर सरकारचं टेली-मानस आहे, १४४१६ वर. फोन फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलतात.

लिहून घ्या तो नंबर. सगळ्यांनी. ज्यांना मी काल स्वतः फोन केला त्यांनी थांबायचं, मला त्यांच्याशी वेगळं बोलायचं आहे. बाकीच्यांनी आता कोण थांबतंय ते वळून बघत बसू नका. प्रगतिपुस्तकं शिपाईमामांकडे आहेत, सह्या करून घेऊन जा.