आम्ही हरलो!

वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं काढल्यावर माणसाला दुसरं काही येवो न येवो, जमा कुठली आणि नावे कुठली एवढं तरी कळावं, अशी लोकांची अपेक्षा असते. पण ‘आम्ही’ या एका शब्दाचं खातं मला अजून जुळवता आलेलं नाही. २०११ साली वानखेडेवर ‘आपण’ वर्ल्डकप जिंकला. त्या वेळी मी घरी कोचावर होतो आणि माझा सहभाग दोन वाट्या चिवड्यापुरता मर्यादित होता; तरी पुढं दोन दिवस मी दमल्यासारखा हिंडत होतो. त्याआधी २००७ साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच फेरीत घरी आले ते मात्र ‘ते’. ‘ते’ कोण? देव जाणे. आमची ओळख नाही. जिंकताना प्रथमपुरुष आणि हरताना तृतीयपुरुष, हे व्याकरण आमच्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे.

कॉलेजच्या खेळांबाबत तर तेवढंही नव्हतं. आमच्या कॉमर्स कॉलेजची कबड्डीची टीम होती, हे मला गॅदरिंगच्या अहवालावरून समजत असे.

त्यामुळं २०१९च्या ऑक्टोबरात, साठवलेली रजा आणि साठवलेला पैसा एकदम उडवून आम्ही उभयता अमेरिकेत मेव्हण्याकडं गेलो आणि ऐन दिवाळीत, २६ तारखेच्या शनिवारी, तो म्हणाला, “भावोजी, चला, कॉलेजची मॅच बघून येऊ,” तेव्हा मला वाटलं, प्रेक्षक म्हणून आम्ही दोघं आणि एखादा चुकलेला पालक. तो राहतो इव्हॅन्स्टनला. शिकागोला उत्तरेकडून चिकटलेलं, मिशिगन तळ्याकाठचं हे गाव. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. तिथं नॉर्थवेस्टर्न नावाचं जुनं विद्यापीठ आहे, १८५१ सालचं, आणि त्याच्या फुटबॉल संघाचं नाव वाइल्डकॅट्स, म्हणजे रानमांजरं. स्टेडियम पाहिलं आणि माझी बोबडी वळली. सत्तेचाळीस हजार माणसांची सोय! विद्यार्थ्यांच्या खेळासाठी!

या संघाचा रंग जांभळा. आमच्याकडं जांभळं असं एकच वस्त्र निघालं, ते म्हणजे हिची शाल. ती गुंडाळून मी जाऊन बसलो. शेजारी सत्तरीतले एक आजोबा होते. त्यांनी शालीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि न विचारता आपल्या थर्मासमधली कॉफी पुढं केली. माझं इंग्रजी बँकेच्या परिपत्रकातलं. ‘आपल्या उपरोक्त पत्राच्या संदर्भात’ याच्यापुढं ते सरकत नाही. पण मेव्हणा दुभाष्या होता आणि आजोबा बोलके होते.

खेळाचं मी सांगत नाही. पंधरा सेकंद धक्काबुक्की आणि मग सभा, एवढंच मला कळलं. समोरचा संघ आयोवाचा. तो वीस आणि आपला शून्य. प्रेक्षकांचं मात्र सगळं लक्षात आहे. चेंडू उडवून डाव सुरू करायची वेळ आली की ही मंडळी किल्ल्यांचे जुडगे वर धरून खुळखुळवतात. (मला हे बघवेना. स्ट्राँगरूमची किल्ली सांभाळलेल्या माणसाला चारचौघांत दाखवलेली किल्ली सोसत नाही.) शिवाय त्यांची एक जुनी आरोळी आहे. हरायला लागले की ते समोरच्यांना ऐकवतात, चालू द्या, पुढं तुम्हाला नोकरी आमच्याच हाताखाली करायची आहे! अशी आरोळी सुचायला आधी हरण्याचा दांडगा अनुभव लागतो.

आणि तो त्यांना होता. सप्टेंबर १९७९ ते सप्टेंबर १९८२ या काळात हा संघ ओळीनं चौतीस सामने हरला. चौतीस! आमच्याकडं लागोपाठ चार हप्ते थकले की नोटीस जाते. १९८१च्या नोव्हेंबरात मिशिगन स्टेटकडून ६१-१४ असा एकोणतिसावा पराभव झाला, तेव्हा सलग हरण्याचा नवा विक्रम झाला. त्यावर पोरं मैदानात घुसली आणि ‘सगळ्यांत वाईट आम्हीच’ अशा घोषणा देत नाचली. पुढच्या वर्षी नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ असं हरवलं, तेव्हा त्यांनी गोलचे खांब उपटले, ते गावातून मिरवत तळ्यावर नेले आणि विसर्जन केलं. म्हणजे गणपतीचं शास्त्र त्यांना आपलं आपणच सापडलं.

“तुम्ही होता?” मी विचारलं.

“खांबाला हात माझाही होता,” आजोबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “आदल्या वर्षी घोषणांतही होतो.”

हे दुसरं वाक्य त्यांनी का सांगितलं, ते मला लगेच कळलं नाही. ते नसतं सांगितलं तर माझी झोप शाबूत राहिली असती.

कारण मला आमचा आप्पा आठवला. कॅशमध्ये माझ्या शेजारच्या खिडकीला बसायचा. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याच्या कॅशमध्ये मोठी तूट निघाली. आप्पा सस्पेंड झाला. त्याचं घर माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. दाराशी बसलेला दिसायचा. बोलायचं काय, हा मला प्रश्न पडायचा. म्हणून मी मंडईवरून वळसा घालून घरी जाऊ लागलो. त्या आठ महिन्यांत आमच्याकडं भाजी फार ताजी येत असे. नवव्या महिन्यात चौकशीत निघालं, की पैसे दिल्याचं एक व्हाउचर भलत्याच फायलीला लागलं होतं. आप्पा निर्दोष. त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्या दारात पहिला मी! आणि म्हणालो काय, तर “आप्पा, आपण जिंकलो!” त्यानं पेढा घेतला. बोलला काही नाही.

आता, हरणाऱ्यापाशी बसून राहणं हाच तेवढा सद्गुण, असं मी म्हणणार नाही. बुडीत पतपेढीत ठेव ठेवणाऱ्याला कुणी निष्ठावंत म्हणत नाही, त्याला वेगळा शब्द आहे. शिवाय आजोबांची ठेव ज्या मांजरांपाशी, ती दर चार-पाच वर्षांनी सगळीच्या सगळी बदलतात. पोरं पदवी घेऊन जातात, आजोबा तिथंच. मग हे धरून बसले आहेत तरी कशाला? मी नीट पाहिलं तर ते मैदानाकडं कमी आणि रांगेकडं जास्त बघत होते. पलीकडच्या दंतवैद्यांचा गुडघा कसा आहे, त्यांच्या नातीचं लग्न ठरलं का. एका बाईंनी दोन जागांची तिकिटं घेतली होती. दुसऱ्या जागेवर त्या पर्स ठेवत. यजमान होते तेव्हापासून दोन घेतात, असं मेव्हणा हळूच म्हणाला. वर्षातून सहा-सात शनिवार. बहुतेकांना एकमेकांची आडनावं ठाऊक नाहीत.

मग मी माझा प्रश्न दुसऱ्याच्या नावावर टाकून विचारला. १९७१ नंतर या संघाचं एकही वर्ष धड गेलं नव्हतं. १९९५ साली मात्र त्यानं नोत्र दामला त्याच्याच मैदानावर १७-१५ असं हरवलं, मग विभागाचं अजिंक्यपद घेतलं, आणि १९४९ नंतर पहिल्यांदा कॅलिफोर्नियातल्या रोज बोलला गेला. (तिथं हरला. ४१-३२.) त्या वर्षी हजारो नवे लोक जांभळे कपडे घालून ‘आम्ही, आम्ही’ करत आले असणार. त्यांचा राग नाही आला?

आजोबा म्हणाले, “आला. पण पुढं पुन्हा हरायला लागलो, तसे बरेच गेले. काही राहिले.” आणि पर्सवाल्या बाईंकडं मान वळवून म्हणाले, “हे नवराबायको पंचाण्णवातलेच.”

सामना संपला. आजोबांनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाले, “हरलो आम्ही. पुढच्या शनिवारी इंडियाना.” (तिथंही हरले. ३४-३. मी घरी परतल्यावर मुद्दाम बघितलं.)

परत आलो ते आप्पाकडं जायचं असं ठरवूनच. पण ठरवणं आणि जाणं यांत आमच्याकडं क्लिअरिंगला वेळ लागतो. आधी लग्नसराई, मग करोना, मग मार्चअखेर, अशी तीन-चार मार्चअखेर गेली. दरम्यान आप्पा रिटायर झाला. निरोप समारंभाला मी होतो, हार घालायला. पण तिथं सगळेच असतात. मग २०२४ साली मेव्हण्याचा फोन आला, की ते स्टेडियम पाडलं. त्याच जागी नवं होणार, तोवर सामने तळ्याच्या अगदी काठावर, बारा हजारांच्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये. खांब बुडवायला आता चालायलाही नको, म्हणून तो हसला. मला मात्र ती रांगच दिसत होती. पर्स आता कुठं ठेवत असतील?

त्या संध्याकाळी मंडईवरून न जाता सरळ गेलो. आप्पा दारातच होता. सणवार नव्हता, बढती नव्हती, हातात पुडा नव्हता. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, खुर्ची सरकवली, आतल्या बाजूला “दोन चहा” म्हणून सांगितलं आणि दोन-तीन मिनिटं मी काही बोलत नाही असं पाहून म्हणाला,

“जामीन-बिमीन राहायचं असेल तर आधीच सांग बाबा. पेन्शनरची सही चालत नाही हल्ली.”